काढणी तिकडे, छाटणी इकडे

द्राक्ष बागायतदारांची सहल आखताना पासपोर्टच्या आधी छाटणीची तारीख विचारावी लागते. नाशिकमध्ये हा धंदा करणाऱ्या कुणालाही विचारा. तरी दिंडोरीजवळच्या त्या मळ्यात जेवढा घोळ झाला, तेवढा मी आजवर पाहिला नव्हता.

तीन कुटुंबं. दोघांची टेबल ग्रेप्स, म्हणजे खायची द्राक्षं, तिसऱ्यांचा माल करारावर वाइनरीला जातो. शिवाय सटाण्याकडचे एक व्याही. सगळ्यांची मागणी एकच: आल्प्समधली वाइनची बाग दाखवा, आणि काढणी चालू असतानाच दाखवा. मी वाल्तेल्लिना सुचवलं होतं. उत्तर इटलीतलं आद्दा नदीचं हे खोरं, डोक्यावर स्वित्झर्लंडची हद्द. खोरं पूर्व-पश्चिम पसरलेलं, त्यामुळे उत्तरेकडचा अख्खा उतार दक्षिणेला तोंड करून दिवसभर ऊन खातो. म्हणून तर इतक्या डोंगरात नेब्बिओलो हे वाइनचं द्राक्ष पिकतं. तिथले लोक त्याला कियावेन्नास्का म्हणतात.

आता नेब्बिओलो उशिरा तयार होतं. काढणी धरायची तर ऑक्टोबर. मी तारखा वाचल्या आणि ओसरीवर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ऑक्टोबरात इकडे गोडी छाटणी, म्हणजे घड धरायची छाटणी! मला हे ठाऊक होतं, पण काढणीचा हट्ट त्यांचाच होता आणि तारखा समोर आल्याशिवाय तो सुटणार नव्हता.

"गड्यांवर सोपवू की आठ दिवस," धाकटे भाऊ म्हणाले.

"आणि पेस्टिंग कोण बघणार?" थोरल्यांनी तिथेच विषय तोडला. छाटल्यावर डोळे फुटावेत म्हणून काडीला औषध लावतात, ते पेस्टिंग.

सटाण्याचे व्याही म्हणाले, आमची छाटणी आगाप, ऑक्टोबरात घड लागलेले असतात. परतीचा पाऊस आला आणि डावणी रोग शिरला तर मी तिकडे बसून काय करू? मग पोरांनाच पाठवायचं ठरत आलं, तर पोरांच्या परीक्षा निघाल्या. चहाची दुसरी फेरी झाली. मी लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात नानांनी, म्हणजे भावांच्या वडिलांनी, तो स्वतःकडे ओढला.

पडद्यावर सोंद्रिओजवळच्या बागांचा फोटो होता. खडा डोंगर, त्यावर पायऱ्यापायऱ्यांचे दगडी बांध आणि प्रत्येक पायरीवर वेलींच्या जेमतेम काही ओळी. नानांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला, इतका की नुसते दगडच दिसायला लागले.

"यात चुना दिसत नाही."

"नाहीच नाना. नुसते दगड रचलेत. त्या खोऱ्यात असे बांध सगळे मिळून अडीच हजार किलोमीटर भरतात असं सांगतात." असे कोरडे बांध रचण्याच्या कलेची 2018 मध्ये युनेस्कोनं नोंद घेतली, हेही मी सांगितलं. त्याचं त्यांना काही नव्हतं.

"माती कुठली?"

"बरीचशी खालून पाठीवर वाहिलेली."

"ट्रॅक्टर?"

"जात नाही. क्रेट खाली आणायला कुठे एका रुळावरची छोटी गाडी, कुठे चक्क हेलिकॉप्टर."

हेलिकॉप्टरवर सगळे हसले. नाना हसले नाहीत. "हेलिकॉप्टरनं उतरवलेला माल परवडतो, म्हणजे भाव काय घेत असतील?" त्यावर मी स्फोर्झातो या तिथल्या वाइनचं सांगितलं. घड काढून जाळ्यांवर पसरतात, डिसेंबरपर्यंत सुकवतात, वजन चांगलंच घटतं आणि मग उरलेल्या मालाची वाइन करतात. थोरल्या सूनबाई आतून म्हणाल्या, "म्हणजे अर्धा बेदाणा करून मग वाइन." माझ्या माहितीपत्रकातल्या चार ओळी या एका वाक्यापुढे फुकट होत्या.

मग नानांनीच निकाल दिला. काढणी आम्ही दरसाल बघतो, ती तिथे जाऊन काय बघायची? बांध बघू. बांध काही ऑक्टोबरातच उगवत नाहीत. खरड छाटणी, म्हणजे नवी काडी धरायची छाटणी, होऊन काडी पिकायला लागली की चार दिवस उसंत असते, तेव्हा न्या. सटाणेकरांची छाटणी सुरू व्हायच्या आत परत यायचं, म्हणून जूनचा शेवटचा आठवडा ठरला. तेव्हा तिथे मणी बाजरीएवढे असतील. या लोकांना ती अवस्था तयार घडापेक्षा जास्त बोलकी, हे मला तेव्हा लक्षात आलं.

बाकीचं भराभर उरकलं. चार रात्री इटलीत, दोन स्वित्झर्लंडमध्ये, म्हणून व्हिसाचा अर्ज इटलीकडे. सीमेवर पासपोर्ट सहसा कुणी मागत नाही, स्वित्झर्लंड 2008 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. पण युरोपीय संघाच्या जकातीत नाही, त्यामुळे बाटल्या मोजायच्या. स्विस माणशी पाच लिटर वाइन सोडतात, मुंबई विमानतळ दोनच. धाकट्या भावांचा चेहरा दोन ऐकून पडला. 1512 पासून 1797 पर्यंत हे खोरं पलीकडच्या ग्राउब्युंडनच्या (आताचा स्विस प्रांत) ताब्यात होतं, तेव्हापासून इथली वाइन खेचरांवर लादून घाटापार जायची, असं सांगून मी त्यांची समजूत काढायचा प्रयत्न केला. पडला नाही उपयोग.

खोऱ्यातल्या तिरानोहून स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला जाणारी लाल रेल्वेगाडी मात्र एकमतानं मंजूर झाली. तिरानोत ती रस्त्यातून, बासिलिकेच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, दारावरून जाते आणि पुढे दातेरी रुळाविना 2253 मीटरपर्यंत चढते. काचेच्या छताच्या एक्सप्रेसला आरक्षणाचे वेगळे पैसे. साधी गाडी त्याच रुळावरून जाते. "साधीच," नाना म्हणाले.

राहिला जेवणाचा प्रश्न. आजी माळकरी. पिझोक्केरी म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, लसूण, लोणी, चीज, ऐकायला शाकाहारीच. पण तिकडची जुन्या पद्धतीची चीज बहुधा वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेटनं विरजतात, हे मी आधीच सांगून टाकलं. नंतर ताटावर कळण्यापेक्षा बरं. चीज वगळून करून देतात का, ते मी तिरानोच्या खानावळीला लिहून विचारणार होते.

"विचार हो," आजी म्हणाल्या, "पण मी दशम्या घेणारच. बॅगेत किती किलो चालतात तेवढं बोल."

मी वजन सांगितलं, तर सूनबाईंनी नानांच्या बॅगेतले निम्मे किलो तिथल्या तिथे चटण्यांच्या नावावर केले.