एकवीस-एकोणऐंशी

नागपुरात रस्त्याच्या कडेला वाकून काही शोधायला लागा, दोन मिनिटांत कुणीतरी स्कूटर थांबवतोच. "काय हरवलं जी?" अंगठी असो, किल्ली असो की पोराचा बूट, त्याला काही फरक पडत नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत तो स्टँड लावून खाली बसलेला असतो. तिसरा येतो तो उभ्यानंच सूचना देतो, "तिकडं पाहा ना बावा, उतार तिकडं आहे." शहराचा हा स्वभाव मला एरवी फार आवडतो. पण आमच्या घराला सध्या जो छंद लागलाय, त्याची पहिली अटच अशी की कुणाच्या नजरेत न येता शोधायचं.

छंदाचं नाव जिओकॅशिंग. कुणीतरी कुठंतरी एक डबा दडवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, आणि बाकीच्यांनी फोन हातात धरून तो हुडकायचा. सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची. आतली एखादी वस्तू आवडली तर घ्यायची, पण तिच्या तोडीची दुसरी ठेवून. मग डबा होता तसा परत. बक्षीस नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना खेळणारे 'मगल' म्हणतात, आणि मगलांच्या देखत डबा काढायचा नाही, कारण लोकांनी पाहिलेला डबा दुसऱ्या दिवशी जागेवर राहत नाही. परदेशातल्या निवांत जंगलवाटांवर हे ठीक आहे. फुटाळा तलावाच्या काठी संध्याकाळी सहाला अख्खं नागपूर मगल असतं.

त्यावर आमच्या ओवीनं तोड काढली. संशयित झाडाजवळ गेलं की बुटाची लेस सुटल्याचं निमित्त करून खाली बसायचं. अंबाझरीच्या बांधावर तिनं लेस इतक्यांदा बांधली की बाकावरचे एक काका उठून आले आणि दुहेरी गाठ कशी मारतात ते तिला समजावून सांगत बसले. डबा त्यांच्याच बाकाच्या मागं होता. काकांची गाठ मात्र उत्तम, अजून सुटली नाही.

या खेळाचा जन्म एका सरकारी निर्णयातून झाला, हे मला त्यातलं सगळ्यात गमतीचं वाटतं. जीपीएसचे उपग्रह अमेरिकेच्या लष्कराचे. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात ते मुद्दाम घोळ मिसळत, त्यामुळं यंत्राला जागा शंभरेक मीटरपर्यंत चुकायची. १ मे २००० च्या रात्री त्यांनी तो घोळ बंद केला आणि जगभरातली यंत्रं एका रात्रीत शहाणी झाली. ३ मेला ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थानं एक काळी बादली रानाच्या कडेला अर्धी पुरून ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत पुस्तकं, व्हिडिओ, एक गुलेर आणि बीन्सचा एक टिन. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती शोधली. आज असे डबे जगभर लाखोंनी आहेत. आपल्याकडं एवढी गर्दी नाही, म्हणून आम्ही घरगुती आवृत्ती काढली. आमचं घर प्रतापनगरात, दिरांचं मनीषनगरात. एका घरानं डबा ठेवायचा, आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे, दुसऱ्या घरानं रविवारी शोधायचा. तर्री पोहे हरणाऱ्याकडं.

आकड्यांची मजा पोरांना आधी कळली, मला नंतर. नागपूर शहरात कुठंही उभे राहा, अक्षांश एकवीस अंश आणि रेखांश एकोणऐंशी अंश. ते बदलतच नाहीत. बदलतात ती मिनिटं, म्हणजे अंशाचे साठावे भाग, आणि मिनिटाचे दशांश. त्यामुळं पोरं आता पूर्ण आकडे पाठवतच नाहीत, नुसती शेपटं पाठवतात. मिनिटाचा हजारावा भाग उत्तर-दक्षिण मोजला तर १.८५ मीटर भरतो, आणि पूर्व-पश्चिम आपल्या गावात १.७३. म्हणजे शेवटचा आकडा एकानं चुकला तर पलंगाएवढी जागा सरकली. अर्णवला हे गणित शाळेत करायला लावलं असतं तर पोट दुखतं म्हणाला असता. अमरावती रोडनं निघालो की वाडीच्या आसपास तो फोनवर डोळे लावून बसतो आणि ७९ चे ७८ झाले की गाडीत आरोळी ठोकतो. आमच्या गाडीत सध्या हद्द हीच. टोलनाक्याला तेवढा मान नाही.

या सगळ्याकडं मामंजी सुरुवातीला काणाडोळा करत होते. ते मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर साखळी, टेप आणि हद्दीचे दगड. फोनवरचा बाण पाहून ते एवढंच म्हणाले, "हा बाण तर लग्नात चुकलेल्या पोरासारखा फिरून राह्यला." खरंच फिरतो तो. दाट झाडाखाली गेलं की भिरभिरतो, वर्धा रोडच्या दुमजली पुलाखाली तर रस्त्याच्या या बाजूचा डबा त्या बाजूला दाखवतो. वीस हजार किलोमीटरांवरून आलेला संदेश, तो काँक्रीटला आपटून उलटा फिरला की फोन तरी काय करणार. मोकळ्या आभाळाखालीसुद्धा पाच-दहा मीटर इकडंतिकडं धरावंच लागतं.

मामंजी खेळात ओढले गेले ते झिरो माइलच्या खांबामुळं. दिरांनी टप्प्याटप्प्याचा डबा लावला होता. म्हणजे पहिल्या जागी डबा नसतो, तिथली एखादी माहिती वाचून हिशेब करायचा, त्यातून पुढची जागा निघते. झिरो माइलच्या पायथ्याच्या दगडावर हैदराबाद, चांदा, शिवनी, छिंदवाडा, जबलपूर अशा गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. जबलपूरमधून शिवनी वजा करा, असं कोडं. पोरं तिथल्या घोड्यांच्या पुतळ्यांवर चढायच्या बेतात. मामंजी मात्र शेजारच्या दुसऱ्या दगडापाशी जाऊन उभे राहिले. तो १९०७ सालचा, भूमापनातला उंचीचा खूणदगड. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची आहे १०२०.१७१ फूट. "शेवटचे तीन आकडे पाहा," ते म्हणाले. फुटाचा हजारावा भाग म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. समुद्रापासून इथवर माणसं तिवई आणि पट्टी घेऊन टप्प्याटप्प्यानं चालत आली, तेव्हा तो आकडा निघाला. मग त्यांनी अर्णवला फोनवरची उंची वाचायला सांगितली. तिथल्या तिथं ती दर मिनिटाला बदलत होती, आणि प्रत्येक वेळी मामंजींचा चेहरा जास्तच खुलत होता. लोक त्या खांबाला देशाचा मध्यबिंदू म्हणतात, तेव्हा ते वाद घालत नाहीत. नुसतं त्या लहान दगडाकडं बोट दाखवतात. त्या दिवसापासून ते आमच्या पार्टीत आहेत. पोह्यांवर तर्री वाढवून घेण्याच्या अटीवर.

डबा शोधण्यापेक्षा ठेवणं अवघड, हेही त्यांच्यामुळंच नीट उमगलं. खेळाचे मूळ नियम कडक आहेत: जमीन ज्याची त्याची परवानगी हवी, खड्डा करून पुरायचं नाही, रेल्वे आणि लष्करी जागेच्या वाटेला जायचं नाही, दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं. आता नागपुरात सांगा, उरलं काय? सीताबर्डीच्या किल्ल्यावर लष्कर, वायुसेनानगरच्या बाजूला तेच, अंबाझरीला आयुधनिर्माणी. विधानभवन आणि उच्च न्यायालयाच्या आसपास बेवारस डबा ठेवायचा विचारसुद्धा मनात आणू नये. डिसेंबरात अधिवेशन असलं तर मुळीच नको. "बेवारस वस्तू दिसल्यास हात लावू नका" हे ऐकत आपण मोठे झालो, आणि आता हौसेनं बेवारस वस्तू ठेवत फिरायचं. म्हणून आमचे डबे पारदर्शक, आणि आत वरच मराठी-हिंदीत चिठ्ठी: हा मुलांच्या खेळाचा डबा आहे, आत वही आणि पेन्सिल आहे. माझ्या मते ही चिठ्ठी नसेल तर डबा ठेवूच नये, जंगलात असला तरी.

पेन्सिलच का, तर नागपूरचा मे महिना. पंचेचाळीस अंशांत पेनाची शाई वहीवर ओघळते, आणि स्वस्त प्लास्टिकचं झाकण हातात कडकन तुटतं. पावसाळ्यात वही भिजते, त्यासाठी नव्या बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या जाऊबाई जमवून ठेवतात. खाऊ अजिबात नाही. ओवीनं प्रेमानं ठेवलेल्या संत्रा गोळ्यांचा मुंग्यांनी दोन दिवसांत निकाल लावला होता, आणि कागदाचासुद्धा. उल्मरसाहेबांचा बीन्सचा टिन आजच्या नियमांत बसला नसता.

काटोल रोडवर जुनापाणीची शिलावर्तुळं आहेत, लोहयुगातली, दगडांची गोल कडी मांडून खाली माणसं आणि त्यांच्या वस्तू पुरलेल्या. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यातली काही उकरली, तेव्हा लोखंडी हत्यारं आणि मडकी निघाली. पोरांचा आग्रह होता की डबा तिथंच ठेवू. मी नाही म्हटलं. संरक्षित जागा आहे, आणि दुसरं म्हणजे तिथं आधीच कुणीतरी ठेवून गेलंय, परत शोधायला येऊ नका अशा बेतानं.

त्याऐवजी त्याच रस्त्यावरच्या माझ्या मावसभावाच्या संत्र्याच्या बागेत परवानगी घेऊन डबा लागला. आता गंमत ऐका. संत्र्याची झाडं सहा-सहा मीटरांवर लावलेली. फोनची चूक पाच-सहा मीटर. म्हणजे बरोब्बर एका झाडाची! ज्या झाडापाशी उभे राहाल त्याच्या शेजारचं झाड तितकंच खरं वाटतं. पोरं ओळींमधून सैरावैरा पळत होती, माझा नवरा फोन डोक्यावर धरून उपग्रहांना विनवत होता. मामंजी काही न शोधता धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसले आणि दगड बघू लागले. मग काठीनं एकाला ढोसलं. "हा पालथा आहे."

जवळ जाऊन पाहिलं. बाकीच्या दगडांचा वरचा भाग उन्हानं फिका, राखी, त्यावर सुकलेल्या शेवाळाचे गोल चट्टे. या एकाचा वरचा भाग काळपट, ओलसर, कडेला मातीची स्पष्ट रेघ, जिथवर तो जमिनीत बसला होता तिथवर, आणि रेघेच्या वर पांढऱ्या मुळ्यांची जाळी चिकटलेली, अजून सुकायची होती. चट्टेवाली बाजू मातीकडं गेली होती. दिरांनी दगड उचलून डबा ठेवला आणि परत ठेवताना उलटा ठेवला. हद्दीचा दगड रात्रीतून सरकवणारे पण हेच करतात, मामंजी म्हणाले. जागा जुळवतात, तोंड जुळवत नाहीत. त्यांच्या नोकरीतले कितीतरी तंटे म्हणे असे दगडाच्या तोंडावरून निघाले. वहीत नाव लिहायचा मान त्यांना दिला. त्यांनी नाव, तारीख, वेळ आणि खाली 'समक्ष' लिहून सही केली.

यानंतर अर्णवनं शोधून काढलं की एकवीस अंश आणि एकोणऐंशी अंश, मिनिटं शून्य-शून्य, असा सगळीकडं शून्य असलेला ठिपका नागपूर आणि बुटीबोरीच्या दरम्यान कुठंतरी पडतो. पूर्ण अंशांच्या अशा छेदबिंदूंवर जाऊन फोटो काढणारे लोक जगात आहेत. आपला तर घराजवळ. डबा नाही, काही नाही, पण निघालोच. वर्धा रोड सोडून आत वळलो, पांदणीनं गाडी जाईल तिथवर नेली, मग पायी. शून्य जवळ येता येता उभं पीक आडवं आलं. पिकात पाय घालायचा नाही, हा मामंजींचा कायदा. म्हणून आम्ही धुऱ्याधुऱ्यानं, फोन समोर धरून, आकडे मोठ्यानं वाचत, पावलं मोजत हिंडत राहिलो.

एखाद्या शेतकऱ्यानं लांबून हे पाहिलं तर त्याला काय वाटेल? तेच वाटलं. मिहान प्रकल्पाच्या या टापूत जमिनी गेलेली माणसं घराघरांत आहेत. एक जण जवळजवळ पळतच आला. "रोड जाऊन राह्यला का जी इथून?"

नाही हो, पोरांचा खेळ आहे, असं मी म्हणेपर्यंत मामंजींनी आदबीनं स्वतःची ओळख करून दिली, मोजणी खात्यातला म्हणून. त्या माणसाचा चेहरा बघवेना. निवृत्त झालोय हे पटवायला बराच वेळ गेला. पण पटलं तसं त्याचं बोलणं पालटलं. त्यानं आम्हाला कडुनिंबाखाली बसवलं, पोराला घरी पिटाळून चहा आणि सातबारा दोन्ही मागवलं. शेजाऱ्यानं धुरा दोन हात आत सरकवलाय, अशी त्याची जुनी तक्रार. मामंजी उठले, धुऱ्यावरचा एकेक दगड काठीनं तपासत निघाले, तो मागोमाग. अर्णव तिकडून ओरडत होता की अजून चार शून्यं आली, फक्त शेवटचे दोन आकडे राहिले, कुणीतरी या. कुणी गेलं नाही.

येत्या रविवारी मामंजींना पुन्हा तिकडंच जायचं आहे. फोन राहू द्या म्हणाले, लोखंडी टेप माळ्यावरून काढून ठेवा.