सात आठवडे नुसता स्टार्टर मारत होतो

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. घरी इंजिन बदललंय, स्टार्टर झकास फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. आणि कंटाळून चावी सोडता सोडता ते एकदाच ‘खफ्’ करून खोकतं, असं होत असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कळवणारा) बदलू नका. मी तीन बदलले. तिन्ही चांगले होते.

गाडी जुनी, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. मूळचं कार्ब्युरेटरवालं इंजिन तेल प्यायला लागलं होतं. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शनचं चार सिलिंडरचं इंजिन बसवायचं ठरवलं. सोबत त्याचाच ईसीयू, म्हणजे ठिणगी आणि पेट्रोल सांभाळणारा कॉम्प्युटर, आणि त्याचंच वायरिंग घेतलं. वायरिंग घेताना एक बघा: कनेक्टरपासून चार बोटांवर कचकन कापलेलं कुणी देत असेल तर फुकटातही घेऊ नका. आणि त्या इंजिनाच्या ईसीयूला मूळ चावी ओळखायची सवय असेल, म्हणजे इमोबिलायझर असेल, तर तो प्रश्न इंजिन अजून जमिनीवर असतानाच मिटवून घ्या. मी मिटवला होता. तरीही पुढचे दोन महिने माझा त्याच्यावर संशय होताच.

जुनं इंजिन उतरवणं, माउंटिंग बनवणं, नवं आत सोडणं, यावर लोक भरभरून लिहितात. माझं ते चार शनिवार-रविवारांत झालं. ऑइलचा संप, म्हणजे इंजिनाच्या तळाचं भांडं, चासीच्या मधल्या आडव्या तुळईला घासत होता, म्हणून दुसरा संप शोधावा लागला, इतकंच. माउंटिंगला नुसते टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) मारून ठेवले, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट जोडून कोन तपासले आणि मगच पूर्ण वेल्डिंग केलं. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे कोन सारखे आणि एकमेकांना रद्द करणारे हवेत. अंशभर तरी हवेत, पण तीनच्या वर नकोत. घाईत पक्कं वेल्ड केलंत की मग गाडीभर थरथर घेऊन फिरा.

हां, गिअरबॉक्स. शेवटचा सेंटिमीटर आत जात नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका. क्लच प्लेट मध्यावर नसते, नाहीतर क्रँकच्या टोकातलं पायलट बेअरिंग चुकीचं किंवा विसरलेलं असतं. बोल्टने ओढलं की बेल हाउसिंगचा, म्हणजे क्लचवरच्या गिअरबॉक्सच्या कवचाचा, कान तुटतो. माझा तुटला नाही, पण ‘टिक्’ असा आवाज आला होता, आणि त्या आवाजाने मी रात्रभर जागा होतो.

तर पहिल्यांदा चावी फिरवली तो दिवस. बायको सीटवर, मी बॉनेटपाशी. “मार!” म्हणालो. स्टार्टर दोन आचके देऊन अडकल्यासारखा फिरला आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून धूर निघाला. पेट्रोलची लाइन नाही, वायर नाही, ॲक्सिलरेटरची केबल! हात लावला तर चटका बसला. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, त्यामुळे बॉडीपासून ते विजेच्या दृष्टीने तुटलेलं असतं. बॉडी ते इंजिन अशी अर्थिंगची जाड पट्टी लावायला मी विसरलो होतो. स्टार्टरला शंभरच्या वर अँपिअर लागतात. त्यांना परतीची वाट मिळाली ती या केबलच्या लोखंडी तारेतून. पट्टी लावली, केबल बदलली, स्टार्टर मस्त फिरू लागला.

इंजिन मात्र चालू झालं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढचे सात आठवडे नाही.

धुराचा प्रसंग झाल्यामुळे डोक्यात एकच भुंगा: अर्थिंग नसताना ईसीयू जळाला. एका दुकानात तो दाखवायला नेला. “ठेवून जा, बघतो.” नऊ दिवसांनी उत्तर आलं, “ईसीयू ओके आहे, वायरिंग बघा.” पैसे घेतले ते निराळेच. हे बरोबर सांगत होते, हे मला पुढे कळलं. पण नऊ दिवस?

मग सगळं शिस्तीत तपासायला घेतलं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला साडेअकरा ते बारा बार. फ्युएलचं प्रेशर तीन बार, हवं तेवढंच. (जुना कार्ब्युरेटरचा पंप अर्धा बारही देत नाही, त्यामुळे पंप आणि नळी दोन्ही बदलावी लागतात. नळी इंजेक्शनच्या प्रेशरचीच घ्या. जुनी रबरी नळी तशीच ठेवली तर गरम मॅनिफोल्डवर पेट्रोलचा फवारा, आणि मग लिहायलाही कुणी उरणार नाही. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला नको.) प्लग काढून बॉडीला टेकवला आणि स्टार्टर मारला: ठिणगी नाही. इंजेक्टरच्या कनेक्टरला टेस्टचा एलईडी लावला: तोही लुकलुकत नाही.

ठिणगीही नाही आणि इंजेक्टरही नाही, म्हणजे क्रँक सेन्सर. कुणालाही विचारा, हेच सांगेल. माझ्या इंजिनावर क्रँकच्या चाकाला साठ दात्यांची जागा आहे आणि त्यातले दोन मुद्दाम ठेवलेले नाहीत. ती फट समोरून गेली की ईसीयूला कळतं पिस्टन कुठे आहे. सेन्सरकडून काही येत नसेल तर ईसीयू गप्प बसतो. पटण्यासारखंच आहे.

म्हणून सेन्सर बदलला. मग दुसऱ्या कंपनीचा लावला. मग सेन्सर आणि दात्यांमधलं अंतर फीलर गेजने एक मिलिमीटरवर आणलं. मग कुठेतरी वाचलं की या प्रकारच्या सेन्सरच्या दोन वायरी उलट लागल्या तर ईसीयूला फट चुकीच्या जागी दिसते. वायरी उलट केल्या, पुन्हा सुलट केल्या. मग तिसरा सेन्सर. चाक काढून दाते मोजले. अठ्ठावन्न. परत मोजले. अठ्ठावन्नच.

यातली लाजेची गोष्ट म्हणजे मी दुसऱ्याच आठवड्यात मल्टिमीटर एसीवर ठेवून सेन्सर मोजला होता. स्टार्टर फिरताना एक व्होल्टच्या आसपास दाखवत होता, म्हणजे सेन्सर आपलं काम करत होता. तरीही तिसरा आणला. वैताग आला की माणूस मोजलेल्यावर विश्वास ठेवत नाही, विकत घेतलेल्यावर ठेवतो.

ईसीयूतली माहिती वाचणारा स्कॅनरही लावला. चावी ऑन केली की सगळं व्यवस्थित: तापमान, थ्रॉटल, बॅटरी १२.४ व्होल्ट. स्टार्टर मारला की आरपीएम शून्य, आणि दोन सेकंदांत स्क्रीनवर ‘कनेक्शन तुटले’. मी म्हटलं, स्वस्तातला स्कॅनर, स्टार्टरच्या झटक्याने तुटत असणार.

आणि पंपाचा आवाज! चावी ऑन केली की इंजेक्शनचा पंप दोन सेकंद ‘सूंऽऽ’ करून प्रेशर भरतो आणि थांबतो. माझ्या गाडीत स्टार्टर मारून चावी सोडली की तो परत ‘सूंऽऽ’ करायचा. प्रत्येक वेळी. सात आठवडे हा आवाज माझ्या कानांवर पडत होता, आणि तो दुसऱ्यांदा का येतो हे मी स्वतःला एकदाही विचारलं नाही.

बायकोने तर दुसऱ्या आठवड्यातच सांगितलं होतं. मी बॉनेटमध्ये डोकं घालून ठिणगी बघत होतो.

“अरे, स्टार्टर मारला की हा पिवळा दिवा जातो.”

“बॅटरीवर लोड येतो ना. मंद होणारच.”

“मंद नाही होत. जातो.”

“बरं, मार परत.”

तो पिवळा दिवा म्हणजे मीच डॅशबोर्डला भोक पाडून बसवलेला चेक इंजिनचा दिवा.

सापडलं कसं? तर ती माहेरी गेली होती म्हणून. चावी फिरवायला कुणी नाही, तेव्हा मीच सीटवर. आता समोरचं दिसणार कसं? म्हणून टेस्ट लॅम्पची एक वायर ईसीयूला वीज देणाऱ्या रिलेतून (विजेवर चालणारा स्विच) बाहेर पडणाऱ्या पिनला, म्हणजे ८७ नंबरला, चिमट्याने लावली, दुसरी अर्थला, आणि लॅम्प वायपरच्या पात्याला अडकवून काचेवर टांगला. कारण हाच की तिथून तो दिसत होता, बाकी काही डोकं लावलं नव्हतं. चावी ऑन: लॅम्प लख्ख. स्टार्टर मारला: लॅम्प विझला. पूर्ण. चावी सोडली: लॅम्प लागला, पंपाने ‘सूंऽऽ’ केलं, इंजिन खोकलं.

पुन्हा मारला. विझला. दहा वेळा मारला असेल, नुसता तो लॅम्प बघायला.

आता कारण. जुन्या गाडीत ठिणगीच्या इग्निशन कॉइलला दोन वाटांनी करंट मिळायचा. चावी ऑनवर असताना एक वायर करंट कमी करणाऱ्या बॅलास्ट रेझिस्टरमधून कॉइलला जायची. स्टार्टर मारताना बॅटरीचं व्होल्टेज पडतं, तेव्हा ठिणगी जोमदार राहावी म्हणून इग्निशन स्विच दुसऱ्या वायरीने रेझिस्टर टाळून कॉइलला थेट करंट द्यायचा, आणि त्या वेळी माझ्या स्विचमध्ये पहिली वायर मेलेली असायची. दोन्ही वायरी कॉइलवर एकत्र येत असल्यामुळे जुन्या इंजिनाला काही फरक पडत नव्हता. मी कॉइल आणि रेझिस्टर काढून फेकले, चावी ऑन करून मीटरने शोधलं, पहिल्या वायरीत १२ व्होल्ट मिळाले आणि तीच ईसीयूच्या रिलेला दिली. दुसऱ्या वायरीत ऑनवर शून्य दाखवलं. म्हटलं, जुनं काहीतरी असेल. कापली, काळी टेप गुंडाळली आणि आत खोचून दिली.

म्हणजे ईसीयूला गरज असते नेमक्या त्याच तीन सेकंदांत मी त्याची वीज तोडत होतो. सेन्सर बोलत होता, पण ऐकणारं कुणी नव्हतं. चावी सोडली की ईसीयू जागा व्हायचा, इंजिन अजून गतीने अर्धा फेरा फिरत असायचं, तेवढ्यात एखादी ठिणगी पडायची. खफ्.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली, त्यातली दहा ती काळी टेप शोधण्यात. दोन्ही वायरी एकेका डायोडमधून (करंट एकाच दिशेने सोडणारा) रिलेच्या ८६ला, म्हणजे त्याच्या कॉइलच्या पिनला, दिल्या. रिलेच्या कॉइलला जेमतेम पाव अँपिअरपेक्षाही कमी लागतं, एक अँपिअरचा साधा डायोड पुरतो. डायोड का, तर तुमची दुसरी वायर थेट स्टार्टरच्या सोलेनॉइडची, म्हणजे ५० नंबरची निघाली आणि दोन्ही नुसत्या पिळून जोडल्यात, तर चावी ऑन करताच स्टार्टर आपोआप फिरायला लागेल. गाडी गिअरमध्ये असेल तर समोरच्या भिंतीलाही विचारा. आणि तुमच्या स्विचला ऑन आणि स्टार्ट या दोन्ही जागी जिवंत राहणारी वायर असेल तर हे सगळं सोडा, तीच घ्या. ओळखायची अशी: मीटर लावून स्टार्टर मारायचा आणि तेव्हा बघायचं. स्टार्टरच्या सोलेनॉइडची वायर आधी काढून ठेवा म्हणजे इंजिन फिरणार नाही आणि शांतपणे मोजता येईल.

चावी फिरवली. अर्ध्या फेऱ्यात पकडलं. इतक्या सहज, की मला राग आला.

बायकोला फोन केला आणि पलीकडून आवाज ऐकवला. ती म्हणाली, “पिवळा दिवा?” मी म्हटलं, “हो.” मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, इंजिन तेवढं चालू होतं. आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता) अठराशे आरपीएमवर, कारण ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूमची नळी मोकळीच राहिली होती.

बाकीचं किरकोळ निघालं. नळी लावली, आयडल खाली आलं. हीटरच्या नळ्यांत हवा अडकून इंजिन तापत होतं. गाडीचं तोंड रॅम्पवर उंच करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, रेडिएटरचं झाकण उघडं असतानाच थंड इंजिन चालू केलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरत राहिलो. तापलेल्या इंजिनाचं झाकण कुणी उघडू नये, हे सांगायची वेळ येऊ नये, पण सांगतो. एक्झॉस्टचा ऑक्सिजन सेन्सर मी नळ्या एकत्र येतात त्या जोडापासून फार मागे बसवला होता, तो पुढे घेतला.

इंजिनाचा नंबर बदलतो, तेव्हा कागदपत्रांचं काम गाडी चालू होण्याची वाट न बघता सुरू करा. मी वाट बघत बसलो आणि चालू गाडी महिनाभर झाकून ठेवली.

एक गोष्ट अजून राहिली आहे. तापमानाचा काटा जुन्या मीटरचा आणि सेन्सर नव्या इंजिनाचा, त्यामुळे दोघांचं गणित जुळत नाही. ईसीयू नव्वद अंश सांगतो तेव्हा काटा लाल रेषेला टेकलेला असतो. जुन्या इंजिनाचा सेन्सर काढून ठेवलाय, पण त्याचे आटे नव्या हेडला बसत नाहीत. अडॅप्टर बनवून घ्यायचा आहे. तोवर बायको शेजारी बसली की तो काटा बघते आणि मला विचारते, “हा दिसतोय ना तुला?”