बंड्याचं बीपी आणि 'नॉर्मल' क्रिएटिनिन

कुत्र्याला बीपी आहे म्हटलं की आमच्या सोसायटीतले काका हसतात, "त्याला कसलं रे टेन्शन, ना लोन ना ऑफिस!" काका, टेन्शनचा संबंधच नाही, बंड्याला कुशिंग्ज आहे, म्हणजे अंगात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन जास्त बनतंय, बहुतेक कुत्र्यांत मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतल्या छोट्याशा गाठीमुळे होतं, काहींना किडनीजवळच्या ॲड्रिनल ग्रंथीतच गाठ असते. घटाघटा पाणी, सारखी शू, सुटलेलं पोट, बसल्या जागी धापा. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये हे बघून गंगापूर रोडला कोणीही म्हणणार, ऊन आहे हो, वय झालंय त्याचं. पण दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर पाणी जात असेल, म्हणजे १० किलोचा कुत्रा लिटरभराच्या पुढे, तर ते उन्हावर ढकलू नका.

आता खरा मुद्दा. जास्तीचं कॉर्टिसॉल सोडियम धरून ठेवतं, रक्तवाहिन्या आवळायला लावतं, बीपी चढतं आणि ते प्रेशर किडनीच्या बारीक चाळणीवर येतं, मग प्रोटीन लघवीतून गळायला लागतं. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली डोंबलाची) तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते दाखवणारा रक्तातला आकडा, मस्त नॉर्मल येऊ शकतं, कारण या आजारात स्नायू झिजतात आणि लघवी भरपूर होते, त्यामुळे आकडा खालीच राहतो. ट्रिलोस्टेन, म्हणजे कॉर्टिसॉल कमी करणारी गोळी, सुरू झाल्यावर कधीकधी तो वर येतो आणि लोक गोळीला शिव्या घालतात, पण किडनीचं दुखणं आधीपासूनच झाकलेलं असू शकतं. अर्थात गोळीचा डोस जास्त झाला तरी त्रास होतो, तेव्हा डॉक्टरांना दाखवायचंच.

कॉर्टिसॉल आटोक्यात आलं म्हणजे बीपी उतरलंच असंही नाही, मग ॲम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन द्यावी लागते. आजोबांच्या डब्यातली अर्धी गोळी नाही हं, डॉक्टर सांगतील तीच! वरचं १६० च्या पुढे म्हणजे हाय, १८० आणि वर गेलं की डोळ्यातला पडदा सुटून कुत्रा अचानक आंधळा होण्याची भीती. मोजताना त्याला आधी पाच-दहा मिनिटं शांत बसू द्या, पहिलं रीडिंग सोडून पुढच्या काहींची सरासरी घ्यायची, क्लिनिकमध्ये घाबरून आकडा चढतोच.

आणि लघवीची यूपीसी (प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो) टेस्ट वेगळी मागून घ्या, रक्ताच्या किडनी प्रोफाइलमध्ये ती नसते. ०.५ च्या वर म्हणजे प्रोटीन जातंय, फक्त आधी लघवीत इन्फेक्शन नाही ना ते बघायला सांगा.