मानसशास्त्रासाठी कर्ज काढताना पगार कोणत्या पायरीचा धरायचा?

मानसशास्त्र शिकायला कर्ज काढावं का, याचा हिशेब बहुतेक जण असा मांडतात: एका बाजूला पदवीचा खर्च, दुसऱ्या बाजूला 'मानसशास्त्रज्ञाचा सरासरी पगार'. हे दोन आकडे एका माणसाचे नाहीत. तो पगार स्वतंत्रपणे काम करायचा परवाना मिळालेल्यांचा असतो, त्यात वीस वर्षं मुरलेलेही येतात. खर्च मात्र फक्त पहिल्या तीन-चार वर्षांचा लिहिलेला असतो. मधली वर्षं कागदावर येतच नाहीत आणि कर्ज फुगतं ते नेमकं तिथेच.

चलन कुठलंही असो, 100 धरून बघू. चार वर्षांची पदवी, दर वर्षाच्या सुरुवातीला 25 उचलले, व्याज 9 टक्के सरळव्याजाने, शिकताना हप्ता नाही. पहिल्या 25 वर चार वर्षांचं व्याज चढतं, शेवटच्या 25 वर एका वर्षाचं. मिळून 22.5. पदवीनंतर सहा महिने हप्ता न भरायची सूट असेल तर तिचे 4.5. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी मुद्दल 127 झालेलं असतं. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला साधारण 1.61 आणि एकूण परतफेड 193. मुदत पंधरा वर्षं केली की हप्ता 1.29 वर येतो, पण एकूण 232 जातात. आता याच विद्यार्थ्याने पदवीनंतर दोन वर्षं पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि हप्ते पुढे ढकलले, तर जुन्या 100 वर आणखी 18 चढतात. मुद्दल 145. पदव्युत्तरचं कर्ज अजून यात धरलेलंच नाही.

9 टक्के आणि दहा वर्षं या हिशेबात वर्षभराचे हप्ते मुद्दलाच्या सुमारे 15 टक्के होतात. त्यामुळे एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगाराइतकं असेल, तर पगारातला 15 टक्के हिस्सा हप्त्यांत जातो. कर्ज दुप्पट असेल तर 30 टक्के, तेही कर कापण्याआधीच्या पगाराचे. कर वजा जाता हातात 80 टक्के येत असतील, तर त्या हातातल्या पैशाचे 37-38 टक्के. एवढा बोजा घेऊन घरभाडं भरता येतं, पण कमी पगाराचं आणि चांगलं शिकवणारं काम निवडायची मुभा उरत नाही. या क्षेत्रात सुरुवातीला तीच मुभा लागते.

आता पायऱ्या. बहुतेक ठिकाणी नुसत्या पदवीवर स्वतंत्रपणे उपचार करता येत नाहीत. मिळतात त्या मनुष्यबळ विभाग, बाजार संशोधन, सामाजिक संस्था, संशोधन सहायक अशा नोकऱ्या. तिथे भाव विषयाच्या नावाला नसतो. संख्याशास्त्र, प्रश्नावली बांधणं, आर किंवा एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला असणं, याला असतो. (हे पेपर अवघड म्हणून टाळणारे नंतर पस्तावतात.) पदव्युत्तरला औद्योगिक मानसशास्त्राची वाट थेट कंपन्यांत जाते. समुपदेशनाची वाट मात्र सुपरव्हिजनच्या, म्हणजे अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली केलेल्या कामाच्या तासांतून जाते, आणि ते तास बऱ्याचदा कमी पगाराचे, कधी बिनपगारी असतात. सूट संपून हप्ता सुरू होतो तो याच काळात. कर्ज थकण्याची भीती इथे सगळ्यात जास्त, म्हणून पगाराच्या रकान्यात या वर्षांचा आकडा लिहायचा, त्यानंतरचा नाही.

डॉक्टरेटला तर एकाच कामाकडे जाणाऱ्या दोन वाटांचा खर्च अगदी वेगळा असू शकतो. अमेरिकेत क्लिनिकल (मानसिक आजारांवरच्या उपचारांच्या) पीएचडीच्या बऱ्याच जागांना फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या बदल्यात विद्यावेतन मिळतं. सायडीचे (PsyD, संशोधनापेक्षा प्रत्यक्ष उपचारांवर भर देणारी डॉक्टरेट) विद्यार्थी बहुतेक स्वतःच्या कर्जावर शिकतात. परवाना दोन्हींना एकच. पीएचडीत प्रवेश अवघड, वेळही जास्त, तरी मोठं कर्ज टळत असेल तर एक वर्ष थांबून, संशोधनाचा अनुभव घेऊन पुन्हा अर्ज करणं स्वस्त पडतं. इंग्लंडमध्ये क्लिनिकल डॉक्टरेटचे प्रशिक्षणार्थी सहसा एनएचएसचे (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे) पगारी नोकर असतात. तिथल्या पदवीच्या सरकारी कर्जाचा हप्ताही ठरावीक मर्यादेवरच्या कमाईच्या 9 टक्के असतो, त्यामुळे वरचं 127 चं गणित तिथे लागू पडत नाही. अमेरिकेत सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करून 120 पात्र हप्ते भरले की उरलेलं संघीय (केंद्र सरकारचं) कर्ज माफ होतं. खासगी बँकेच्या कर्जाला ही सवलत नाही. कर्ज कोणाचं, हे म्हणूनच व्याजदराइतकंच नीट बघावं.

स्वतःची प्रॅक्टिस काढणारे एका सेशनच्या फीला आठवड्याच्या सेशन्सनी गुणतात आणि खूश होतात. आठवड्याला 20 सेशन्स, वर्षात 46 आठवडे, म्हणजे डायरीत 920. दहातलं एक ऐनवेळी रद्द होतं असं धरलं तर 828 उरतात. जागेचं भाडं, विमा, सुपरव्हिजन आणि कर यांत एक तृतीयांश गेलं की हातात 552 सेशन्सची फी, महिन्याला 46. हप्ता 15 सेशन्सच्या फीइतका असेल, तर हातातला तिसरा हिस्सा तिथेच संपला. शिवाय हे भरलेल्या डायरीचं गणित आहे. पहिल्याच महिन्यात डायरी भरत नाही, आणि नोंदी लिहायला लागणाऱ्या वेळाचे पैसे कोणी देत नाही.

अभ्यासक्रम निवडताना कॉलेजला चार आकडे लेखी मागावेत: किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांनी मध्येच सोडलं, पूर्ण करायला किती वर्षं लागली, आणि किती जणांना परवाना मिळाला. अमेरिकेत एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, मानसशास्त्रज्ञांची संघटना) मान्यता असलेल्या डॉक्टरेट अभ्यासक्रमांना हे सगळं, फी आणि इंटर्नशिपच्या आकड्यांसकट, आपल्या संकेतस्थळावर द्यावंच लागतं. त्या तक्त्यात सगळे आधी फी बघतात. त्याआधी मध्येच सोडणाऱ्यांचा आकडा वाचा. त्यांच्याकडे कर्ज असतं, परवाना नसतो.