तुम्ही विचारलंत म्हणून: गव्यांच्या वाटेवरचे कुळागर

"तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या? शेतकऱ्यांच्या की गव्यांच्या?" हा प्रश्न मला आमच्या सत्तरी तालुक्यातल्या वाळपईच्या बाजारात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात आणि पणजीहून आलेली निसर्गप्रेमी मंडळी आमच्या ओटीवर बसून तोच विचारतात. गावातले विचारतात, कारण कुंपणाच्या तारेत घरातली वीज सोडण्याला मी ग्रामसभेत उघड विरोध केला. पाहुणे विचारतात, कारण त्याच ग्रामसभेत गव्यांनी केलेल्या नुकसानीची पुरेशी भरपाई मिळेपर्यंत गप्प बसणार नाही, असेही मी म्हणाले होते. दोघांनाही मी आजवर तुटक उत्तरे दिली आणि दोघेही नाराज होऊन गेले, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

गवे कधी येतात, किती येतात, माकडांनी नारळाचे आणि रानडुकरांनी कणग्यांच्या कंदांचे काय केले, हे सत्तरी तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. कायद्याबद्दल मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती नीट वाचलेली असते. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी आहे आणि 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्याच कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी, उदाहरणार्थ रानडुक्कर, माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला तर त्याला मारण्याची परवानगी देता येते, आणि त्या मालमत्तेत शेतातले उभे पीक स्पष्ट शब्दांत धरलेले आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी माणसाच्या जिवाला धोका, किंवा प्राणीच बरा होण्यापलीकडे जखमी वा आजारी असणे, एवढीच कारणे चालतात; पीक त्यांत नाही. 2022च्या दुरुस्तीने अनुसूचींची संख्या घटली, पण हा भेद तसाच राहिला. एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवण्याची जी तरतूद आहे, तीही पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला लागू होत नाही. म्हणजे गवा माझ्या अंगावर आला तर कायदा माझ्याकडे पाहील, माझ्या केळीवर आला तर पाहणार नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. कायदा असाच असावा की नसावा यावर माझे मत अजून पक्के झालेले नाही, पण वाद घालणाऱ्याला तो निदान माहीत असावा.

2016 साली मोर, माकडे आणि रानडुकरांबरोबर गव्यांनाही उपद्रवी ठरवण्याची चर्चा गोव्यात सुरू झाली, तेव्हा मला मनापासून बरे वाटले होते. शहरातल्या लोकांनी त्या चर्चेवर संताप व्यक्त केला, तेव्हा मी त्यांच्यावर संतापले होते. त्या वेळी मी जे बोलत असे, त्यातले पुष्कळसे आजही मला खरे वाटते. आपल्या कष्टाचे झाड दुसऱ्या कोणाच्या प्रेमाखातर मोडले जाते आणि ते प्रेम करणाऱ्याला त्याचा एक पैसाही पडत नाही, हे तेव्हाही अन्यायाचे होते आणि आजही आहे. फक्त त्यापुढचे जे वाक्य मी तेव्हा सहज उच्चारत असे, की मग माराच त्यांना, ते आता माझ्या तोंडून निघत नाही. का निघत नाही, त्याचे कारण काही वर्षांपूर्वीच्या एका वैशाखात आहे.

आमच्या कुळागराची, म्हणजे पोफळी-केळींच्या बागेची, व्हाळाकडची (ओढ्याकडची) पट्टी सासऱ्यांनी नव्याने लावली होती. जुन्या, खात्रीच्या पोफळीच्या बेण्याच्या सुपाऱ्या त्यांनी स्वतः निवडल्या, परसात रोपे केली, सावलीसाठी आधी केळी लावल्या आणि केळींच्या आडोशाला पोफळी धरल्या. दीडशेच्या आसपास रोपे असावीत. त्यांतली बरीचशी छातीइतकी झाली होती आणि आणखी दोन-तीन वर्षांत पहिला बहर दिसला असता. पाऊस लांब होता, रानातले पाणवठे आटले होते आणि व्हाळात जे काही पाणी होते ते आम्हीच अडवलेल्या कोंडीत होते.

त्या रात्री कुत्रा आधी भुंकला आणि मग ओटीखाली येऊन गप्प पडला. खाली व्हाळाकडे केळी मोडत होत्या. पाण्याने भरलेली केळ मोडताना कडाड असा आवाज होत नाही. ती फसकन बसते आणि मग पाने जमिनीला घासल्याचे ऐकू येते. यजमानांनी वरच्या मेरेवरून (बांधावरून) विजेरीचा झोत टाकला, तेव्हा हिरवट डोळ्यांच्या जोड्या दिसल्या, मग गुडघ्याखालचे ते पांढरट पाय, आणि दोन माद्यांच्या मधे तांबूस रंगाचे एक लहान वासरू. फटाक्यांची माळ हातात होती. ती लावावी की नाही यावर आम्ही तिघेही अंधारात कुजबुजत भांडलो, कारण कळप बिथरला तर तो व्हाळाकडेच पळेल याची खात्री नव्हती. वरच्या बाजूला गोठा होता, घर होते आणि फळाला आलेले उरलेले सगळे कुळागर होते. शेवटी माळ लावली नाही. डबे वाजवले, आरडाओरडा केला. त्यांनी माना वर करून फुसकारे टाकले आणि पुन्हा खाली घातल्या. पहाटे ते आपणहून गेले.

उजाडल्यावर सासरे एकटेच खाली उतरले. पोफळीला एकच कोंब असतो. आंब्याकाजूसारखे तिला बाजूने फुटून पुन्हा उभे राहता येत नाही. म्हणून प्रत्येक रोपापाशी वाकून ते मधले कोवळे पान दोन बोटांत धरत आणि हलकेच ओढून पाहत. पान घट्ट राहिले तर रोप जगेल. हातात सुटून आले तर आत काही उरलेले नाही. मी वरून पाहत होते. पान सुटून येत होते, ते बाजूला ठेवत होते आणि पुढच्या रोपाकडे जात होते. शंभराच्या वर गेले असतील. पुढे मी मोजले नाही आणि त्यांनी आकडा सांगितला नाही.

पंचनाम्याला आलेले कर्मचारी सभ्यपणे वागले, हेही सांगते. त्यांनी खुरांचे ठसे पाहिले, फोटो काढले, रोपे मोजली आणि एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, मागितला. सत्तरीतल्या जमिनींच्या मालकीचा घोळ तुम्हाला माहीत आहे. ज्या माणसाने लहानपणापासून त्या पट्टीत पाणी फिरवले, त्याचे नाव उताऱ्याच्या एकाही रकान्यात नव्हते. सह्या, दाखले आणि हमीपत्रे जमवण्यात तो पावसाळा गेला. अखेर मिळालेल्या रकमेत नवी रोपे आली असती. जुन्या रोपांत गेलेली वर्षे आणि पुढे पहिल्या सुपारीपर्यंत जाणारी पाच-सात वर्षे त्या रकमेत कुठेच धरलेली नव्हती.

पण पंचनामा झाला त्याच दिवशी संध्याकाळी पुतण्याने उघड्या तारेचे भेंडोळे आणून ओटीवर टाकले. पंपाच्या पेटीतून जोड द्यायची, रात्री दहाला चालू करायची, पहाटे बंद करायची. सासऱ्यांनी मान हलवली आणि यजमान काही बोलले नाहीत. मी नाही म्हणाले. सौर कुंपणात विजेचा झटका क्षणभराचाच असतो. जनावर दचकून मागे हटते आणि जिवंत राहते. घरातल्या विजेचे तसे नसते, ती हात सोडू देत नाही. आमच्या पाटाच्या पाण्याच्या पाळ्या रात्रीच्या असतात आणि वरच्या वाड्यावरची बाई आपली पाळी फिरवायला अंधारात आमच्याच मेरेवरून जाते. काजूच्या दिवसांत उजाडण्यापूर्वी बोंडू गोळा करायला निघालेली मुले तीच वाट धरतात. तार लावणारा आपल्या घरच्यांना सांगेल, त्या मुलांना कोण सांगणार?

सासरे माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाले, "तुला जनावराची दया येते, माझ्या झाडांची येत नाही."

मी माणसांसाठी बोलत होते आणि तेव्हा मी तसेच सांगितले. तरीही त्या वाक्याशी मी अजून भांडते आहे. पोटाखाली वासरू घेऊन उभी असलेली ती मादी मी पाहिली नसती, तर माझा आवाज इतका चढला असता का, याचे उत्तर मला प्रामाणिकपणे 'हो' असे देता येत नाही. तार लागली नाही. सासरे त्यानंतर व्हाळाकडच्या पट्टीत फारसे उतरले नाहीत. आमच्यात अबोला झाला नाही, जेवणखाण नेहमीसारखेच चालले, पण पोफळींबद्दल ते माझ्याशी बोलेनासे झाले. माझ्या 'नाही'ची किंमत त्यांनी मोजली आणि अजून मोजत आहेत, हे मला दिसते.

पणजीच्या पाहुण्यांना एक उत्तर द्यायचे राहिले. "तुम्हीच त्यांच्या जंगलात शिरलात ना?" असे ते प्रेमाने विचारतात. म्हादई अभयारण्य 1999 साली जाहीर झाले, दोनशे चौरस किलोमीटरांहून थोडे मोठे, आणि त्याच्या हद्दीत आली तेव्हा गावे आपल्या जागीच होती. आमच्यासारखी कुळागरे त्याहून कितीतरी जुनी आहेत. गवा हे गवत खाणारे जनावर आहे. रानात गवताच्या जागी रानमोडीचे तण माजले, डोंगरउतारांवर काजू आणि अकेशियाच्या लागवडी झाल्या आणि कडक उन्हाळ्यात प्यायला पाणी उरले ते माणसाने अडवलेले. रानात हे सगळे आमच्या कुळागरामुळे झाले असे कोणी म्हणत असेल, तर त्याने एकदा रानात चालून पाहावे. उलट गव्याच्या वाटेवर दाट सावली, ओल आणि बारमाही पाणी आहे ते आमच्यामुळे. आम्ही कुळागर सोडून दिले, तर तिथे जंगल येईल की कोणाचा बंगला येईल, याचाही विचार पाहुण्यांनी करावा.

आणि गावातल्या माझ्या माणसांना सांगायचे ते हे की 2020च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीत चार वाघ विषाने मेले, तेव्हापासून सत्तरीतल्या कोणाही शेतकऱ्याने नुकसानीचा शब्द काढला की समोरच्याच्या डोळ्यांत आधी संशय येतो. फासकी, विष आणि उघडी तार यांनी आपले एकही झाड कायमचे वाचलेले नाही. आपले म्हणणे ऐकून घेणारी माणसे मात्र दुरावली. हे ऐकून तुम्हाला राग येतो हे मला माहीत आहे. मोडलेल्या झाडापुढे उभे राहून मलाही येतो.

अनुदानावर सौर कुंपण आम्ही घातले. उन्हाळ्यात ते चांगले चालते. पावसाळ्यात आठवडाभरात रानमोडी खालच्या तारेला टेकते आणि झटक्यातला जोर जातो, आभाळ भरून राहिले की बॅटरी पुरती भरत नाही, म्हणून ऐन भातलावणीच्या गडबडीत कोणीतरी सतत कोयता घेऊन कुंपणाच्या कडेने फिरावे लागते. कुंपण देताना अनुदान मिळते; ते राखण्याच्या मजुरीचा विचार कोणी केलेला नाही. गव्यांतला एक एकांडा रेडा तारेला न शिवता खांबच कलता करायला शिकला आहे, त्यावर आमच्याकडे अजून उपाय नाही. मला हवे आहे ते एवढेच: झाडाची भरपाई त्याच्या वयाप्रमाणे आणि जो कसतो त्याच्या हाती, त्याच वर्षात मिळावी, आणि रानात गवत व पाणी राखण्यावर कुंपणाइतका तरी पैसा खर्च व्हावा. गवा सगळ्या गोव्याचा असेल, तर त्याच्या चाऱ्याचा खर्चही सगळ्या गोव्याने उचलावा. तो आज डोंगराच्या कडेला राहणारी मोजकी घरे उचलत आहेत.

व्हाळाकडची पट्टी सध्या अर्धी रिकामी आहे. यजमान म्हणतात तिथे हळद आणि आले लावू, गवे त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. हिशेबाने त्यांचे बरोबर असेल. मला तिथे पुन्हा पोफळीच हव्या आहेत. मिरग जवळ आला आहे आणि सासऱ्यांनी यंदाही बेण्याच्या सुपाऱ्या निवडून ठेवल्या आहेत, पण त्या कोणत्या पट्टीसाठी, हे त्यांनी सांगितलेले नाही आणि आम्ही दोघांनीही अजून विचारलेले नाही.