बाईंनी फळ्यावर लिहिलेला प्रश्न

स्मरणिकेसाठी लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि आठवल्या त्या फक्त ग्रंथालयाच्या बाई. स्नेहसंमेलन, कवायत, सिंहगडाची सहल यांवर बाकीचे लिहितीलच.

सातवी ‘ब’चा ऑफ तास. बाई चंपावतच्या नरभक्षक वाघिणीची हकिगत सांगत होत्या. ४३६ बळी, १९०७ साली जिम कॉर्बेटनं तिला मारलं, तेव्हा दिसलं की तिचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे जुन्या गोळीनं तुटलेले. नेहमीची शिकार जमेना, म्हणून ती माणसांवर घसरली. वर्ग चिडीचूप. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, “मग ती आधीची गोळी कुणी झाडली?” विचारणारा वर्गातला नेहमीचा वात्रट, त्यामुळे सगळे खिदळले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो प्रश्न जसाच्या तसा फळ्यावर लिहिला आणि घंटा झाली. पुढचा तास गणिताचा. फळ्यावर ठिपकाही खपवून न घेणाऱ्या आपल्या सरांनी त्या दिवशी लसावि-मसावि उरलेल्या जागेत कोंबले! बाईंचा दराराच तसा होता.

आज मी मुलांसाठी ऐतिहासिक गोष्टी लिहितो. त्यांतला, संकटातून जीव वाचवून आलेला मुलगा माझ्या कल्पनेतला. साल, ठिकाण आणि जनावराचं वागणं मात्र खरंच हवं. नवं पुस्तक अमेरिकेतल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या अस्वलांवर आहे. १९१० साली उद्यान झाल्यापासून तिथे ग्रिझली अस्वलानं कुणाचा जीव घेतला नव्हता. १२ आणि १३ ऑगस्ट १९६७ च्या मधल्या रात्री मात्र दोन वेगवेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या अस्वलांनी एकोणीस वर्षांच्या दोन तरुणींना मारलं. त्यातल्या एका ठिकाणी पर्यटकांना अस्वलं दिसावीत म्हणून विश्रामगृहामागे रोज खरकटं टाकलं जाई. एका प्रकाशकांना माझा नायक अस्वलाशी झुंजायला हवा होता. मी नकार दिला. माझा नायक खरकटं कोण टाकतं ते बघतो. बाई असत्या तर त्यांनी हेच फळ्यावर लिहिलं असतं.

जुन्नरच्या एका शाळेत हे प्रकरण वाचून दाखवलं. तिथल्या मुलांना उसातला बिबट्या काही नवा नाही. एका मुलीनं विचारलं, “ऊस तोडल्यावर पिल्लं कुठं जातात?” त्यावर सध्या लिहितोय.

आता ऑफ तासाला सराव परीक्षा असते, असं माझी भाची सांगते. असो. ग्रंथालयासाठी पाच प्रती आणतो आहे. त्या कुलूपबंद कपाटात ठेवू नयेत, मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवाव्यात, एवढी मुख्याध्यापकांना विनंती.