आमची वाटचाल : आधी छताकडे बघतो

डोंबिवलीत पहिला फ्लॅट घेतला तो एप्रिल 2009 मध्ये. मी आणि धाकटा भाऊ, दोघांची पीएफची जमा आणि आईच्या बांगड्या. जुना वन बीएचके घ्यायचा, ठीकठाक करायचा आणि विकायचा, एवढाच धंद्याचा आराखडा. फ्लॅट नुकता रंगवलेला, हॉलला पीओपीचं छत, त्यात पिवळे दिवे. आम्ही खूश. जुलैत त्या छताचा परातीएवढा तुकडा खाली आला. वर स्लॅबचे पोपडे सुटलेले, सळया तांबड्या होऊन फुगलेल्या. लोखंड गंजलं की आधीपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं आणि काँक्रीटला आतून फोडतं, हे आम्हाला त्या दिवशी मिस्त्रीनं सांगितलं. तीन महिन्यांत विकायचा फ्लॅट दीड वर्ष गळ्यात पडला.

तेव्हापासून ताजा रंग दिसला की मी नाक लावतो. शब्दशः. कपाटामागे, माळ्यावर, सिंकच्या खाली. कुबट वास रंगानं झाकत नाही. एप्रिल-मेमध्ये घर बघितलं तरी टोकन देत नाही, एक जोराची सर होऊन जाऊ दे म्हणतो. यात दोन चांगले सौदे हातचे गेले, भाऊ अजून ऐकवतो.

बाकी हत्यारं साधी. एक रुपयाचं नाणं फरशीवर आणि प्लॅस्टरवर वाजवत जायचं, पोकळ जागी आवाज बदलतो. भिंतीवर पांढरी पूड, म्हणजे लोणा, दिसला तर पाणी आतून येऊन सुकतंय. बीम आणि विटांची भिंत मिळते तिथली सरळ बारीक चीर बहुतेक वेळा निरुपद्रवी, चिकन मेश, म्हणजे तारेची बारीक जाळी, लावून प्लॅस्टर केलं की झालं. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, किंवा कॉलमवर उभी धावणारी चीर असेल तर आम्ही स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावतो, आपली अक्कल चालवत नाही. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, रिपोर्टही मागतो. इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि तिसाच्या वर गेली की दर तीन वर्षांनी ऑडिट व्हावं, असं गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमावलीत, आहे. रिपोर्ट मागितला की सेक्रेटरी कसा बघतो, त्यावरही बरंच कळतं.

2019च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला, महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली होती ते वर्ष. त्यानंतर बदलापुरात तळमजला बघताना मी मीटरच्या पेटीमागे बॅटरी मारतो. भिंती धुतात, रंगवतात. तिथली गाळाची रेघ पुसायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

खरा वेळ मात्र दुरुस्तीत जात नाही, पाणी कुणाचं हे ठरवण्यात जातो. गच्चीतून येणारी पावसाची गळती आणि बाहेरचे सामाईक पाईप सोसायटीच्या खर्चाचे. संडास-बाथरूमची, सिंकची आतली गळती ज्याची त्यानं करायची. कागदावर इतकं सोपं. एकदा आमच्या किचनच्या छतातून थेंब पडत होते. वरच्या काकू म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे सगळं कोरडं ठणठणीत आहे, येऊन बघा." खरंच कोरडं होतं, कारण त्यांचं पाणी बाथरूमच्या खोलगट स्लॅबमधल्या विटांच्या भरावात मुरत होतं आणि वाट काढून आमच्याकडे उतरत होतं. आमच्या प्लंबरनं त्यांच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं तोंड, बंद केला, होळीचा उरलेला रंग पाण्यात कालवून चोवीस तास साठवून ठेवला. दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर गुलाबी थेंब. काकू खाली आल्या, बघितलं, म्हणाल्या, "बरं बाई, सांगा किती होतात." अर्धा खर्च आम्ही घातला. कायद्यानं घालायची गरज नव्हती, पण बाथरूम फोडायला त्यांनी आठ दिवस दिले होते.

भाड्यानं दिलेल्या घरांत आणखी एक गोष्ट उशिरा कळली. भाडेकरू गळती लपवतात, डिपॉझिट कापतील या भीतीनं. कपाट सरकवून डाग झाकतात. आता अकरा महिन्यांच्या करारात आम्ही लिहून देतो की गळती वेळेत कळवली तर तिच्या दुरुस्तीचा पैसा डिपॉझिटमधून कापला जाणार नाही. चावी देताना दोघांनी मिळून फोटो काढायचे, तारखेसकट. पहिल्या पावसात फोन वाढले, पण भिंती फोडायची कामं कमी झाली.

सध्या अंबरनाथला एका फ्लॅटची बोलणी चालू आहेत. बेडरूमच्या छतावर ओलीभोवती मी पेन्सिलनं कडा काढून तारीख लिहिली आहे, तीन आठवड्यांत तीन कडा झाल्या. मालक म्हणाले, दिवाळीआधी रंग मारून देतो. मी म्हटलं, दादा, रंग राहू द्या, फक्त वरच्या मजल्याची चावी मिळवून द्या.